चाकाच्या स्टँडवरचा ७५ इंची पॅनल: हलवायचा कसा आणि उभा असताना बांधायचा कसा

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषदेच्या तुमच्या शाळेला लोकसहभागातून ७५ इंची टच पॅनल, म्हणजे बोटाने लिहायचा डिजिटल फळा, मिळाला, चाकाच्या लोखंडी स्टँडवर आहे, सहावी आणि सातवीच्या वर्गात रोज आलटून पालटून नेता, ढकलायला सातवीची मुलं असतात, आणि परवा दाराच्या उंबऱ्यावर पुढची चाकं अडकली, पॅनल पुढे झुकला, दोन शिक्षकांनी धरला म्हणून वाचला. आता तुम्ही विचारताय की सगळ्या चाकांना ब्रेक बसवले तर पुरेल का, का चाकंच मोठी टाकू.

मी गेली सोळा वर्षं सातारा, सांगली, कोल्हापूर भागात शाळा, कॉलेज, बँका, मंगल कार्यालयं इथे प्रोजेक्टर, टीव्ही, पॅनल बसवायचं काम करतो, त्यावरून सांगतो. सरळ उत्तर असं की नुसत्या ब्रेकने तुमचा प्रश्न सुटत नाही आणि नुसत्या मोठ्या चाकांनीही सुटत नाही. कारण तुमचे प्रश्न खरं तर दोन आहेत. पॅनल चालता चालता अचानक थांबला तर उलटू नये हा पहिला. आणि उभा असताना कुणी ओढला, कुणी लोंबकळलं, वायरीत पाय अडकला तरी पडू नये हा दुसरा. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि लोक नेमका इथेच घोळ घालतात.

आधी आकडे देतो, कारण आकडे बघितल्याशिवाय हेडमास्तरांना पटत नाही असा माझा अनुभव आहे. कंपनीप्रमाणे फरक असतो पण ७५ इंची टच पॅनल साधारण ५० ते ६० किलो भरतो, आपण ५५ धरू. स्टँड ३५ किलो धरू. पॅनलचा मधला बिंदू जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर आणि स्टँडचा ५० वर धरला तर दोन्ही मिळून गुरुत्वमध्य ११० सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे सातवीतल्या पोराच्या छातीपाशी. आणि खालचा पाया? पुढचं चाक ते मागचं चाक बहुतेक स्टँडला ७० सेंटिमीटर असतं. त्यात पॅनल खांबाच्या मध्यावर नसतो, दहा-बारा सेंटिमीटर पुढे लटकलेला असतो, त्यामुळे गुरुत्वमध्य सात-एक सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे पुढच्या बाजूला ३५ ऐवजी २८ सेंटिमीटरच उरतात. ९० किलोचं धूड, ११० सेंटिमीटर उंचीवर वजन आणि पुढे फक्त २८ सेंटिमीटर आधार. हा हिशोब केला तर १४ अंश पुढे कलला की गेला, म्हणजे मागची चाकं जमिनीपासून १७ सेंटिमीटर उचलली गेली की तो परत मागे येत नाही. आपल्या एका वितीपेक्षाही कमी. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आयईसी या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात स्थिरतेची एक चाचणी १० अंश कलवून बघायची असते, त्यात वस्तू पडता कामा नये, म्हणजे त्या हिशोबाने स्टँड पास होईल, पण ती चाचणी उभ्या वस्तूची आहे, उंबऱ्यावर धाडकन आदळलेल्या वस्तूची नाही.

आता उंबरा. तुम्ही एक इंच उंच लिहिलाय आणि फोटोत चाक तीन इंचाचं दिसतंय. तीन इंची चाक एक इंच उंबऱ्यावर चढवायला त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या पावणेतीन पटीपेक्षा जास्त जोर आडवा लावावा लागतो. पुढच्या दोन चाकांवर साधारण ५४ किलो भार येतो, म्हणजे दीडशे किलोचा जोर पाहिजे, तो कोण लावणार? आणि तोच पॅनल पुढे उलटवायला किती जोर पुरतो? छातीच्या उंचीवर, म्हणजे १२० सेंटिमीटरवर हात ठेवून ढकललं तर फक्त २१ किलो, पॅनलच्या वरच्या कडेला धरून ढकललं तर १३ किलो. म्हणजे चाकं अडकली की मुलं आणखी जोर लावतात, चाक चढायला पाहिजे दीडशे, पॅनल उलटतो वीसमध्ये, तर तो उलटणारच ना. परवा तुमच्याकडे नशिबाने वाचलं, मुलांची काही चूक नव्हती, गणितच तसं होतं. आणि उंबरा दीड इंचाचा असता तर तीन इंची चाक कितीही जोर लावला तरी चढलंच नसतं, कारण उंबरा चाकाच्या निम्म्या उंचीला पोचला की आडव्या जोराचा उपयोगच संपतो.

मग पाच इंची चाकं टाकली तर? जोर पावणेतीन पटीवरून सव्वा पटीच्या थोडा वर येतो, ७० किलोच्या आसपास. बराच फरक आहे, पण वरून ढकललं तर २१ किलोतच उलटणार हे तसंच राहतं, उलट मोठ्या चाकाने अख्खा स्टँड दोन इंच वर जातो त्यामुळे थोडं वाईटच होतं. म्हणून म्हटलं की मोठी चाकं हा अर्धा उपाय आहे. खरा उपाय उंबऱ्याला उतार. एक इंच उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी एक-एक फूट लांबीचा उतार केला की तोच पॅनल आठ-दहा किलोच्या जोरावर अलगद जातो. गावातला कुठलाही फॅब्रिकेटर चेकर प्लेटचा, म्हणजे नक्षीच्या खडबडीत लोखंडी पत्र्याचा, असा उतार अर्ध्या दिवसात करून देतो, दाराच्या पूर्ण रुंदीचा करायचा, खाली रबर चिकटवायचं म्हणजे फरशीवर सरकत नाही, आणि कडा घासून घ्यायच्या नाहीतर मुलांच्या पायाला लागतात. लाकडाचाही चालतो पण पावसाळ्यात फुगतो. शाळेत अपंग मुलांसाठी बाहेर रॅम्प असतो ना, बारास एक उताराचा, तेच प्रमाण आतही ठेवायचं.

आता हलवायची पद्धत, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबेल.

पहिलं म्हणजे पॅनल कधीच स्क्रीन पुढे करून ढकलायचा नाही. बहुतेक लोक तसंच करतात, मागे उभं राहायचं आणि हातगाडीसारखं ढकलायचं. एकतर ७५ इंची पॅनल पावणेदोन मीटर रुंद असतो, मागच्याला पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही, समोर पहिलीतलं पोरगं आलं तरी कळणार नाही. आणि दुसरं, तीच स्टँडची कमकुवत दिशा आहे, पुढे २८ सेंटिमीटर. तोच स्टँड कडेच्या दिशेने, म्हणजे पॅनलची धार पुढे करून नेला तर पाया एक मीटरच्या वर लांब मिळतो, मधून दोन्हीकडे ५०-५५ सेंटिमीटर, त्या दिशेने तो २५ अंशांपर्यंत कलला तरी परत येतो. दारातूनही तसाच न्यायचा. तर वर्गातून बाहेर काढतानाच त्याला वळवून घ्या आणि पूर्ण व्हरांडा धार पुढे ठेवूनच न्या.

दुसरं, माणसं दोन आणि दोन्ही मोठी. एक पुढच्या टोकाला, एक मागच्या टोकाला, दोघंही स्टँडच्या खांबाला किंवा खालच्या फ्रेमला धरणार, पॅनलच्या काचेला किंवा कडेला नाही. हात कमरेच्या खाली असले तर उत्तम, कारण जोर जेवढा खालून लागेल तेवढं उलटायचं भय कमी. ६० सेंटिमीटर उंचीवरून ढकललं तर उलटवायला लागणारा जोर १२० च्या दुप्पट होतो, एवढा साधा फरक आहे. बरेच स्टँड असे असतात की धरायला खाली काहीच नसतं, मग फॅब्रिकेटरकडून दोन्ही खांबांना गुडघ्याच्या वर एक-एक हँडल वेल्ड करून घ्या, पॅनल उतरवून हं, वेल्डिंग करताना पॅनल वर ठेवायचा नाही, ठिणग्या काचेवर बसतात आणि करंटने आतलं सर्किट जायची भीती असते.

तिसरं, हलवायच्या आधी पॅनल खाली घ्या. स्टँडला उंची कमी-जास्त करायची सोय असेल, हाताने फिरवायची किंवा मोटरची, तर सगळ्यात खालच्या खुणेवर आणून मग हलवायचा. शिकवताना वर, चालताना खाली. नुसत्या खाचा असलेला स्टँड असेल, पॅनल उचलून वरच्या खाचेत टाकायचा असतो तसला, तर रोज उचलणं शक्य नाही, मग कायमच खालच्या खाचेत ठेवा. सहावी-सातवीच्या मुलांना तसाही खालचाच बरा पडतो, वरच्या कोपऱ्यात हात पोचत नाही म्हणून ती बाकावर चढतात.

चौथं जरा वेगळं आहे, हे मला एका जुन्या परांचीवाल्याने शिकवलं. फिरती चाकं असतात त्यांचा टेकायचा बिंदू खिळीच्या बरोबर खाली नसतो, तीन-चार सेंटिमीटर मागे ओढलेला असतो. तुम्ही स्टँड पुढे ढकलत आणून थांबवला की चारही चाकं मागे वळलेली असतात, म्हणजे पुढच्या बाजूचा तुमचा २८ सेंटिमीटरचा आधार प्रत्यक्षात २४-२५ च उरतो. म्हणून जागेवर आणल्यावर स्टँड तीन-चार इंच स्क्रीनच्या उलट दिशेला, भिंतीकडे, मागे घ्यायचा, म्हणजे चाकं गर्रकन फिरून पुढे तोंड करतात आणि पाया पुढच्या बाजूला वाढतो, मग ब्रेक दाबायचे. फुकटचा उपाय आहे, दहा सेकंद लागतात, आणि मी माझ्या पोरांना हा पहिल्या दिवशी शिकवतो.

आणि आता जे सांगतोय ते कृपा करून सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवा. पॅनल पडायला लागला तर धरायचा नाही. सोडून द्यायचा, ओरडायचं आणि बाजूला व्हायचं. तुमच्या दोन शिक्षकांनी धरला, वाचला, त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार, पण पुन्हा असं करू नका. सात-आठ वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात माझाच ६५ इंची स्टँड होता. जमिनीवर साउंडवाल्याची जाड केबल आडवी पडलेली, माझा एक पोरगा स्टँड वरून धरून ढकलत होता, चाक केबलवर अडलं आणि पॅनल पुढे गेला. दुसरा पोरगा समोरून धावला आणि हात घातला. पॅनल आणि बाकाच्या मध्ये मनगट सापडलं, दोन हाडं मोडली, पोराचे सहा महिने गेले. पॅनल फुटलाच, तो फुटणारच होता. केबल साउंडवाल्याची असली तरी दोष माझा होता, कारण पडला तर सोडून द्या हे वाक्य मी त्यांना कधी बोललोच नव्हतो. महागाची वस्तू आहे, लोकवर्गणीची आहे, हात आपोआप पुढे जातो, म्हणून हे आधीच बोलून ठेवावं लागतं. पॅनल परत मिळतो.

याच कारणासाठी मुलांना ढकलायला लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. सातवीची मुलं ताकदीने कमी नसतात, पण पॅनल त्यांच्यापेक्षा उंच आणि रुंद, धरायला जागा वरच सापडते आणि पडताना बाजूला व्हायचं भान नसतं. अमेरिकेत जुन्या काळी शाळांमध्ये उंच ट्रॉलीवर जड टीव्ही ठेवून वर्गावर्गात फिरवायचे, त्या ट्रॉल्या मुलांवर उलटून मुलं दगावली, तेव्हा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने शाळांना मुद्दाम इशारा दिला की ही कामं मुलांकडून करून घेऊ नका. तेव्हाचा टीव्ही डब्यासारखा होता आणि आताचा पाटीसारखा आहे, पण वजन वर आणि पाया छोटा ही गोष्ट तीच राहिलीय.

आता तुम्ही म्हणाल रोज दोन मोठी माणसं कुठून आणू, शाळेत शिक्षकच चार. म्हणून मी उलटं सुचवतो, पॅनल हलवू नका, वर्ग हलवा. सहावीची मुलं त्यांच्या तासाला पॅनलच्या वर्गात येऊन बसू दे. मुलांना पाय आहेत, वही-पेन घेऊन येतील, दोन मिनिटं लागतील. मी बसवलेल्या कितीतरी शाळांत शेवटी हीच पद्धत पडली आणि तिथले पॅनल पाच-सहा वर्षं झाली तरी ठणठणीत आहेत, कारण धक्केच बसले नाहीत. चाकं आहेत म्हणून रोज फिरवलाच पाहिजे असं काही नाही. स्टँडची चाकं वर्षातून चार वेळा लागतात, झाडायला, रंग द्यायला, १५ ऑगस्टला हॉलमध्ये न्यायला, तेवढ्यासाठी ठीक आहेत. अर्थात हे तुमच्या पटावर आणि खोल्यांवर अवलंबून आहे, एका खोलीत दोन वर्ग मावणार नाहीत किंवा सातवीला त्या वेळी बसायला जागा नसेल तर नाइलाज, मग वर सांगितलं तसं हलवा. पण आधी वेळापत्रक बघा, बऱ्याचदा जमतं.

उभा असतानाचं आता. ब्रेक म्हणजे बांधणं नाही हे डोक्यात पक्कं पाहिजे. ब्रेक स्टँडला सरकू देत नाही, पण पडण्यापासून वाचवत नाही. उलट ब्रेक नसलेला स्टँड वरून ढकलला तर निदान मागे सरकतो, ब्रेक लावलेला जागच्या जागी उलटतो. याचा अर्थ ब्रेक लावू नका असा अजिबात नाही, ब्रेक लावायचेच, चारही चाकांना लावायचे, पण त्याच्या जोडीला वरून भिंतीला बांधायचं. बऱ्याच स्टँडला दोनच चाकांना ब्रेक असतात, बाकीची दोन बदलून घ्या. आणि महिन्यातून एकदा चाकं बघा, खडूची भुकटी, दोरे आणि मुलींच्या केसांची गुंतवळ चाकाच्या आसात बसते, ब्रेकचा पट्टा घासतो आणि वरून लागलेला दिसला तरी पकडत नाही. पायाने दाबून मग स्टँडला खालून हलवून बघायचं. पावसाळ्यात ओल्या फरशीवर लागलेले ब्रेकही सरकतात हेही लक्षात ठेवा.

भिंतीला बांधायला मी ट्रकवाले वापरतात तसला रॅचेट बेल्ट वापरतो, छोट्या रुंदीचा, दोन नग, एक डाव्या खांबाला एक उजव्या खांबाला. भिंतीत दोन आय बोल्ट, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेले बोल्ट, खांबाच्या वरच्या टोकाच्या आसपासच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरच्या पुढेमागे. बेल्ट खांबाला बांधायचा, पॅनलच्या प्लास्टिकला किंवा मागच्या जाळीला नाही. ढील फार ठेवायची नाही, बोटभर बस, कारण ढील असेल तेवढा पॅनल आधी वेग घेतो आणि मग झटका बसतो, झटक्यात हूक उपटतो. खेचून तार केला तर स्टँड वाकडा ओढला जातो, तेही नको. रॅचेट, म्हणजे बेल्ट ताणायचा खटका, मुलांच्या हाताला येणार नाही अशा बाजूला, पॅनलच्या मागे ठेवा. हलवायचा असेल त्या दिवशी बेल्ट सोडायचा, एक मिनिटाचं काम आहे. दोन्ही वर्गांत नेणारच असाल तर दोन्ही वर्गांच्या भिंतीत आय बोल्ट आधीच लावून ठेवा, नाहीतर एका वर्गात बांधलेला आणि दुसऱ्या वर्गात मोकळा असं होतं, आणि अपघात मोकळ्या वर्गातच होणार.

भिंत कसली आहे त्यावर फास्टनर, म्हणजे भिंतीत रुतून बसणारा बोल्ट, ठरतो आणि इथे लोक फार फसतात. पक्की वीट आणि सिमेंटचा जोड असेल तर १० एमएमचा अँकर फास्टनर विटेच्या मधोमध, जोडात नाही. आरसीसी कॉलम किंवा बीम जवळ असेल तर तिथेच मारा, त्याच्यासारखं काही नाही. नवीन खोल्यांना पांढरे हलके ब्लॉक असतात, त्यात साधा फास्टनर घट्ट बसलासा वाटतो आणि दोन महिन्यांत भुसभुशीत होतो, त्याला त्या ब्लॉकची वेगळी लांब गिट्टी (प्लग) किंवा केमिकल अँकर, म्हणजे छिद्रात चिकट रसायन भरून बसवायचा बोल्ट, लागतो. कोकणात जांभा दगड असतो, त्यालाही छिद्रं असतात, केमिकल बरं. आणि जुन्या शाळांच्या मातीच्या जोडातल्या दगडी भिंती असतात तिथे बोल्टवर विश्वासच ठेवू नका, तिथे भिंतीला दोन खिडक्यांमध्ये किंवा कॉलम ते कॉलम लोखंडी अँगल आडवा टाकून त्याला बेल्ट बांधायचा. लाकडी खुंटीला, खिडकीच्या गजाला, फळ्याच्या फ्रेमला बांधलेलं मी बघितलंय, ते बांधणं नाही. फळ्याची फ्रेम चार छोट्या स्क्रूवर असते. कुठलाही बोल्ट बसवला की स्वतः दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून ओढून बघायचा, मग बेल्ट लावायचा.

मुलं बोटाने लिहितात तेव्हा पॅनल मागे डुलतो असंही तुम्ही लिहिलंय. मागच्या दिशेने पडायचा धोका तसा कमी, तिकडे आधार ४० सेंटिमीटरच्या वर मिळतो, पण डुलणं ही खूण आहे. तीन गोष्टी बघा. खांब आणि खालची फ्रेम जोडणारे बोल्ट ढिले झालेत का, नव्वद टक्के वेळा तेच निघतं, पान्ह्याने आवळा आणि स्प्रिंग वायसर नसेल तर टाका. मग चारही चाकं टेकलीत का, शहाबादी फरशी असेल तर कधीच सपाट नसते, चाकाखाली कागद सरकवून बघा, सरकला तर ते चाक हवेत आहे, स्टँड दोन इंच इकडेतिकडे करून सपाट जागा शोधा आणि तिथे फरशीवर ऑइलपेंटची खूण करून ठेवा. तिसरं, पॅनलच्या मागच्या दोन उभ्या पट्ट्या. पॅनल त्या पट्ट्यांच्या आकड्यांनी आडव्या रेलवर नुसता अडकवलेला असतो आणि खाली दोन छोटे लॉकिंग स्क्रू असतात, ते आवळले नसतील तर उंबऱ्याच्या धक्क्याने आकडे रेलवरून उडी मारून बाहेर येऊ शकतात. हे स्क्रू बसवणारे घाईत विसरतात, मी दुसऱ्यांनी बसवलेले पॅनल बघायला जातो तेव्हा आधी खाली वाकून तेच बघतो. तुमचा परवा जोरात आदळलाय, म्हणून आज शाळेत गेल्यावर सगळ्यात आधी हे बघा. पॅनलमध्ये जाणारे मोठे बोल्ट बहुधा ८ एमएमचे असतात, ते मात्र हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, जास्त आवळले तर आतल्या चुड्या मोडतात.

चाकं बदलायचीच असतील तर वजनाचा हिशोब चाराने भागून करू नका. फरशी उंच-सखल असते, एका वेळी तीनच चाकांवर सगळा भार येतो, म्हणून ९० किलोला तीनने भागा, ३० आले, धक्क्यासाठी दुप्पट धरा आणि ६०-७० किलोचं चाक घ्या. नायलॉनचं कडक चाक फरशीच्या फटीत खडखडतं, रबराचं किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) घ्या. आणि पाच इंची चाकाने स्टँड जेवढा वर गेला तेवढा पॅनल खालच्या खाचेत उतरवा.

स्टँड खाली जड करावा का असं बरेच जण विचारतात. तळाच्या फ्रेमला वीस-पंचवीस किलोची लोखंडी प्लेट बोल्टने पक्की केली तर स्थिरता चांगली वाढते. पण सुटे पेव्हर ब्लॉक किंवा वाळूची पोती ठेवू नका, मुलं काढतात, आणि खालच्या कप्प्यात इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी तर अजिबात नको, उलटला तर ॲसिड सांडतं. रोज हलवणार असाल तर ही प्लेट टाकू नका, ढकलायला जड होतं.

वायरीचं राहिलं. पॅनल पडायचं हे एक नेहमीचं कारण आहे आणि कुणी त्याकडे बघत नाही. वायर पॅनलमधून सरळ भिंतीतल्या बोर्डकडे हवेत ताणलेली असते, कुणाचा तरी पाय अडकतो आणि ओढ थेट वर, पॅनलच्या उंचीवर बसते. वायर खांबाच्या आतून किंवा खांबाला टाय मारून खाली आणा, तळाच्या फ्रेमला गाठ मारल्यासारखी पक्की बांधा आणि मग तिथून जमिनीलगत बोर्डकडे न्या. आता कुणी अडखळलं तरी ओढ जमिनीपाशी बसेल, पॅनल हलणार नाही. हलवायच्या आधी पॅनल रिमोटने बंद करा, आतला कॉम्प्युटर पूर्ण बंद होऊ द्या, मग प्लग काढा, वायर गुंडाळून खांबाला अडकवा. लोंबती वायर स्वतःच्याच चाकाखाली येते आणि उंबऱ्याचं काम करते, माझ्या कॉलेजातल्या त्या केबलसारखं.

पायऱ्यांवरून स्टँडसकट न्यायचा असेल, एखाद्या कार्यक्रमाला वगैरे, तर सरळ नाही म्हणा. एक पायरी असली तरी. पॅनल उतरवून चार माणसांनी उभाच धरून न्यायचा, आडवा झोपवायचा नाही, आणि स्टँड वेगळा न्यायचा. रॅम्पवरून नेताना धार पुढे, दोघंही चढाच्या बाजूला, उताराच्या बाजूला कुणीच उभं राहायचं नाही. बारास एकच्या रॅम्पवर ९० किलोची ओढ साडेसात-आठ किलोच असते, दोघांना सहज पेलते, घाई केली नाही तर. रॅम्प ओला असेल तर थांबा.

आता तुमच्यासाठी क्रम असा धरा. आज लॉकिंग स्क्रू आणि खालचे बोल्ट. या आठवड्यात सातवीच्या वर्गातल्या भिंतीला दोन बेल्ट आणि वायर खाली. उंबऱ्याचा उतार होईपर्यंत पॅनल तिथून हलवायचाच नाही, सहावीला तिकडे बोलवा. चाकं बदलायची घाई नाही, उतार झाल्यावर गरज वाटली तर बघू.

तुमच्या फोटोत भिंतीला प्लास्टर आहे त्यामुळे आतलं काही कळत नाही. लाइटच्या बोर्डाचं झाकण वायरमनकडून उघडून आत वीट दिसते, पांढरा ब्लॉक दिसतो का दगड ते बघायला सांगा, मेन बंद करून, आणि पुढचं चाक ते मागचं चाक टेपने मोजून अंतर कळवा. फास्टनर कुठला घ्यायचा आणि बेल्ट किती उंचीवर बांधायचा ते मग नक्की सांगतो.